गोव्यातून गेलेला गेंडा: चित्र उरले, प्राणी हरवला

इ. स. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून पोर्तुगालला निघालेल्या ‘नॉसा सेन्योरा द आजुदा’ या जहाजावर मसाल्याच्या पदार्थांच्या राशींबरोबर एक जिवंत गेंडाही होता. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर पाऊल ठेवणारा तो पहिला गेंडा. लिस्बनमध्ये त्याने खळबळ उडवून दिली. त्याच्यावर काव्य रचले गेले आणि एका जर्मन चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र पुढील अडीच शतके युरोपभर प्रमाण मानले गेले. गोव्याच्या इतिहासातील ही एक विलक्षण, तरीही फारशी न सांगितली जाणारी गोष्ट आहे.

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्या पश्चिम आणि मध्य भारताच्या किनाऱ्यावरून हा गेंडा परदेशी गेला, त्या भूभागात एके काळी गेंडे मोकळेपणाने चरत होते. माळव्याच्या सीमेवरील शैलचित्रांत, गुजरातच्या उत्खननात सापडलेल्या हाडांत आणि सिंधूकाठच्या मुद्रांवर त्यांच्या खुणा आहेत. तेथून तो नेमका कधी नाहीसा झाला, हे कोणीही लिहून ठेवले नाही. आज भारतीय एकशिंगी गेंडा म्हटले की आसामचे नाव तोंडी येते. तो पूर्वेच्या एका कोपऱ्यापुरता कसा उरला आणि तेथे तो टिकवण्यासाठी काय करावे लागले, हे समजून घेताना गोव्यातून गेलेल्या त्या गेंड्याचा प्रवास मार्गदर्शक ठरतो.

किल्ल्याऐवजी गेंडा

१५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याची नजर दीवकडे वळली होती. अरबी समुद्रातील व्यापारावर पकड ठेवायची तर दीव येथे किल्ला हवा होता आणि दीव गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होते. म्हणून १५१४ च्या आरंभी आल्बुकेर्कने सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याच्या दरबारी वकील धाडले. किल्ल्याची परवानगी सुलतानाने दिली नाही, पण राजशिष्टाचारानुसार नजराण्यांची देवाणघेवाण झाली. त्या नजराण्यात एक गेंडा होता.

हा प्राणी माणसांच्या सहवासाला सरावलेला होता. त्याच्याबरोबर त्याचा राखणदारही आला. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव ‘ओसेम’ असे आढळते. गेंड्याला पोर्तुगिजांनी वेगळे नाव दिले नाही. गुजराती व मराठी कानांना परिचित असलेला शब्दच त्यांनी उचलला आणि ‘गांडा’ असा लिहिला. एवढे अवाढव्य जनावर गोव्यात पोसण्यापेक्षा ते राजाकडेच पाठवावे, असे आल्बुकेर्कने ठरवले.

जहाजाने हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला. मोझांबिक, सेंट हेलेना आणि आसोरिश बेटे येथे अल्पकाळ थांबत सुमारे १२० दिवसांनी, २० मे १५१५ रोजी, ते लिस्बनला पोहोचले. त्या काळच्या मानाने हा प्रवास जलद म्हणावा लागेल. तरीही दोन टनांच्या आसपास वजन भरणारे जनावर चार महिने हलत्या जहाजावर जिवंत ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्याचे श्रेय ओसेमला द्यायला हवे, पण इतिहासाने त्याच्याविषयी नावापलीकडे जवळजवळ काही राखून ठेवलेले नाही.

साखळी आणि समुद्र

राजा मॅन्युएल पहिला याने गेंड्याची झुंज एका तरुण हत्तीशी लावली. हत्ती आणि गेंडा हे जन्मजात वैरी असतात, असे प्राचीन रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले होते. त्याची परीक्षा राजाला घ्यायची होती. ३ जून रोजी गर्दीसमोर दोन्ही प्राणी आणले गेले, तेव्हा हत्ती बिथरून पळून गेला. झुंज झालीच नाही, तरी गेंड्याच्या पराक्रमाची कीर्ती पसरली. तेव्हा बांधकाम चालू असलेल्या बेलें मनोऱ्यावर पुढे गेंड्याच्या शिराचे शिल्प कोरले गेले, ते आजही पाहता येते.

आदल्या वर्षी मॅन्युएलने पोप लिओ दहावा याला एक हत्ती भेट दिला होता. आता त्याने गेंडाही रोमला पाठवायचे ठरवले. डिसेंबर १५१५ मध्ये हिरव्या मखमलीचा पट्टा गळ्यात बांधून त्याला पुन्हा जहाजावर चढवण्यात आले. वाटेत मार्सेलजवळच्या एका बेटावर फ्रान्सचा राजा फ्रान्सिस पहिला याने त्याला पाहिले. त्यानंतर इटलीच्या लिगुरिया किनाऱ्याजवळ जहाज अचानक आलेल्या वादळात सापडले आणि फुटले.

गेंडा उत्तम पोहतो. ब्रह्मपुत्रेच्या पुराचे पाणी कापत जाणारे गेंडे आसामात आजही दिसतात. किनारा दूर नसताना या गेंड्याला कदाचित जीव वाचवता आला असता. पण त्याचे पाय साखळदंडांनी डेकला जखडलेले होते. जहाजाबरोबर तोही बुडाला.

न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र

गेंडा लिस्बनमध्ये असतानाच तेथील मुद्रक व्हालेंतिम फर्नांदिश याने त्याचे वर्णन करणारे पत्र न्युरेम्बर्गला पाठवले होते. अज्ञात हाताने काढलेले एक रेखाटनही जर्मनीत पोहोचले. त्यांच्या आधारे न्युरेम्बर्गचा थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५१५ मध्येच गेंड्याचे काष्ठमुद्रण तयार केले. ड्यूररने गेंडा कधीही पाहिला नव्हता.

हे चित्र विलक्षण ताकदीचे आहे आणि त्यात चुकाही आहेत. अंगावरच्या कातडीच्या घड्या त्याने खिळ्यांनी जोडलेल्या पोलादी चिलखतासारख्या दाखवल्या, पायांवर खवले काढले आणि मानेच्या मागे खांद्यावर एक पिळदार छोटे शिंग जास्तीचे बसवले. भारतीय गेंड्याला असे दुसरे शिंग नसते. चित्राखालच्या मजकुरात गेंडा लिस्बनला आल्याचे वर्षही १५१३ असे चुकीचे दिले आहे. ऑग्सबर्गच्या हान्स बुर्कमायर याने त्याच सुमारास केलेले चित्र वास्तवाच्या अधिक जवळ होते. त्यात गेंड्याच्या पुढच्या पायांना बांधलेला दोरही दिसतो. पण लोकांना भावले ते ड्यूररचे चित्र. त्याच्या हजारो प्रती खपल्या, प्राणिशास्त्राच्या ग्रंथांनी त्याचीच नक्कल केली आणि खांद्यावरचे ते नसलेले शिंग पिढ्यान्‌पिढ्या खरे मानले गेले.

या समजुतीला जबर धक्का बसला तो अठराव्या शतकात. बंगालमधून नेलेली ‘क्लारा’ नावाची गेंडा मादी १७४१ मध्ये हॉलंडला पोहोचली आणि तिच्या डच मालकाने तिला सतरा वर्षे युरोपभर फिरवले. हजारो लोकांनी खरा गेंडा डोळ्यांनी पाहिला, चित्रकारांनी तो समोर ठेवून रंगवला. १७५८ मध्ये क्लारा लंडनमध्ये मरण पावली. त्याच वर्षी स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने भारतीय गेंड्याला ‘ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस’ हे आजतागायत वापरात असलेले शास्त्रीय नाव दिले.

ड्यूररने चिलखत म्हणून रंगवलेली गोष्ट खरे तर कातडीच्या सैल घड्या आहेत. त्यांच्यामुळे शरीरातील उष्णता बाहेर टाकायला मदत होते. खांद्यांवर आणि मागच्या भागावर ज्या गाठी दिसतात, त्याच चित्रात खिळे झाल्या असाव्यात. आपण निर्ढावलेल्या माणसाला ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणतो, पण या प्राण्याची कातडी जाड असली तरी बधिर नाही. ऊन आणि किडे यांचा त्याला त्रास होतो, म्हणूनच तो तासन्‌तास चिखलात व पाण्यात डुंबतो. त्याच्या नाकावरचे शिंगही हाडाचे नसते. आपली नखे व केस ज्या केराटिनचे बनलेले असतात, त्याचेच ते बनलेले असते.

पुण्याचा आणि बडोद्याचा गेंडा

युरोपात नकलांवर नकला होत असताना मराठी मुलखात एका चित्रकाराने गेंडा समोर पाहून काढला होता. सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांची आवड होती आणि पुण्यात त्यांचा प्राणिसंग्रह होता. नोव्हेंबर १७९० मध्ये गंगाराम चिंतामण तांबट या कलावंताने तेथील गेंड्याचे चित्र काढले. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबटांनी वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने केली. त्यांचे गेंड्याचे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. ड्यूररचा गेंडा जगाला ठाऊक आहे, तांबटांचा गेंडा त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या वाचकांनाही फारसा ठाऊक नाही.

मराठी सत्तांच्या दरबारांतील गेंड्याची कथा एवढ्यावर संपत नाही. बडोद्याला गायकवाडांच्या साठमारीत हत्तींबरोबर गेंड्यांच्याही झुंजी होत. १८६० च्या दशकात तेथे आलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने अशा झुंजीचे वर्णन केले आहे. दोन गेंडे एकसारखे दिसतात म्हणून प्रेक्षकांना ओळखता यावेत यासाठी एकाला काळा आणि दुसऱ्याला लाल रंग देत असत. रणांगणावर गेंड्याची ओळख होती ती ढालीच्या रूपाने. त्याच्या कातडीच्या ढाली मजबूत मानल्या जात. धर्मशास्त्रात त्याला ‘खड्ग’ म्हटले आहे आणि पितृकार्यात त्याच्या शिंगाच्या पात्राला महत्त्व होते. जैन परंपरेत अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे लांछन गेंडा हेच आहे. समाजाला हा प्राणी दूरचा नव्हता. पण त्याच्याशी असलेले नाते बहुतेक वेळा ढाल, पात्र, नजराणा किंवा झुंज यांच्यापुरते राहिले. रानातला गेंडा किती उरला आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

माळव्यापासून कोकणापर्यंतच्या खुणा

इंदूर जिल्ह्यातील हातोद हे माळव्याच्या पठारावरचे गाव. एके काळी होळकरांच्या राज्यातला हा प्रदेश आज काळ्या जमिनीतल्या गव्हासाठी आणि सोयाबीनसाठी ओळखला जातो. तेथे उभे राहून गेंड्याची कल्पना करणे कठीण आहे. पण इंदूरहून पूर्वेकडे भोपाळ ओलांडून गेले की विंध्याच्या कुशीतल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांत हत्ती, वाघ, गवे यांच्याबरोबर गेंडाही रंगवलेला आढळतो. उज्जैनचे मराठीभाषक पुरातत्त्वज्ञ पद्मश्री विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये या शैलाश्रयांचा शोध लावला आणि मध्य भारतातील चित्रे पायी हिंडून नोंदवली. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसास्थळ झाले. तेथील आदिमानवाला ड्यूररप्रमाणे कोणाच्या पत्राची गरज नव्हती, प्राणी त्याच्या परिसरातला होता.

हाडांचा पुरावा याहून ठोस आहे. उत्तर गुजरातमधील लांघणज येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. ह. धी. सांकलिया यांनी १९४० च्या दशकात उत्खनन केले. तेथे मध्याश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. त्यावरील खाचांवरून दगडी हत्यारे घडवताना त्याचा ऐरणीसारखा उपयोग होत असावा, असे अनुमान तज्ज्ञांनी काढले. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा वारंवार येतो. मोहेंजोदडोच्या सुप्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेवरही तो आहे. राजस्थान-गुजरातमधील हडप्पाकालीन स्थळांवर त्याची हाडे मिळाली आहेत.

महाराष्ट्रात प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत बैलांचा रथ, हत्ती, रेडा यांच्यासोबत चाकांवर उभा असलेला गेंडा आहे. तो प्रवरेकाठी राहत होता असे एवढ्यावरून म्हणता येत नाही, पण मूर्ती घडवणाऱ्याला त्याच्या अंगावरच्या घड्या नीट माहीत होत्या. रत्नागिरी परिसरातील सड्यांवरच्या कातळशिल्पांतही गेंड्याची आकृती असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. कोकणातील ही कातळशिल्पे आणि गोव्यातील कुशावतीकाठचे पणसायमळ यांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या एकाच यादीत झाला. आपल्या दाराशी असलेल्या या दगडी नोंदींकडे पाहताना हे भान हवे की, हरवलेल्या प्राण्यांची वही कधी कधी अशा खडकांवरच उरते.

ऐतिहासिक काळातही पश्चिमेत गेंडा होता. पाचव्या शतकातील गुप्त सम्राट कुमारगुप्त पहिला याच्या एका सुवर्णनाण्यावर घोड्यावर बसलेला राजा गेंड्याची शिकार करताना दिसतो. गोव्याहून गेंडा रवाना झाला, त्याच काळात बाबर पेशावरच्या परिसरात गेंड्यांची शिकार करत होता आणि आत्मचरित्रात त्यांचे बारकाईने वर्णन लिहीत होता. सिंधूकाठचा हा गेंडा पुढे नष्ट झाला.

गवताळ जमीन ही ‘पडीक’ नव्हती

गेंडा का हरवला, याचे उत्तर त्याच्या राहणीत आहे. तो घनदाट अरण्यातला प्राणी नाही. नदीकाठची उंच गवताची मैदाने, पाणथळ जागा आणि अधूनमधून झाडी, हे त्याचे घर. पुरामुळे दरवर्षी नवा गाळ येतो, नवे गवत उगवते आणि त्यावर तो जगतो. माणसाला शेतीसाठी सर्वांत आधी हवी असते तीही नेमकी हीच जमीन. पश्चिमेकडे हवामान कोरडे होत गेले आणि नदीकाठची गवताळ मैदाने शेतीखाली गेली. उरलेल्या गेंड्यांचा शिकारीने घास घेतला.

त्याची वाढही संथ आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे १६ महिन्यांचा असतो, एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षे वा त्याहून अधिक अंतर पडते. हरणांचा कळप दोन-चार वर्षांत सावरतो, गेंड्यांचा सावरत नाही. त्यामुळे मोजक्या शिकारीही एखाद्या ठिकाणची संपूर्ण वंशरेषा पुसून टाकू शकतात. विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण भारत व नेपाळ मिळून दोनशेपेक्षाही कमी गेंडे उरले असावेत, असा अंदाज आहे.

भारताने गेंड्याच्या इतर जातीही गमावल्या आहेत. जावन गेंडा सुंदरबनात होता, सुमात्रन गेंडा ईशान्येच्या डोंगरांत होता. दोन्ही आपल्या देशातून नामशेष झाले. आज जावन गेंडा केवळ इंडोनेशियातील उजुंग कुलोन उद्यानात उरला आहे. आफ्रिकेत उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याचा अखेरचा नर ‘सुदान’ १९ मार्च २०१८ रोजी केनियात मरण पावला आणि त्या उपजातीच्या फक्त दोन माद्या मागे राहिल्या. असा अंत भारतीय गेंड्याच्याही वाट्याला येऊ शकला असता.

काझीरंग्याची शंभर वर्षे

तो अंत टळला, कारण आसामात वेळेवर एक रान राखले गेले. १९०५ मध्ये काझीरंगा राखीव वन करण्याची अधिसूचना निघाली आणि १९०८ मध्ये ते राखीव वन झाले. १९५० मध्ये ते अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५४ मध्ये आसामने गेंड्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७४ मध्ये काझीरंगा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ झाले. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गेंड्याला सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले.

या प्रवासातील एक साधे काम फार मोलाचे ठरले, ते म्हणजे मोजणी. १९६६ च्या गणनेत काझीरंग्यात ३६६ गेंडे आढळले होते. २०२२ च्या गणनेत ही संख्या २,६१३ झाली. संपूर्ण आसामात त्या वर्षी २,८९५ गेंडे होते. नेपाळच्या २०२१ च्या गणनेत ७५२ गेंडे नोंदले गेले, त्यांतले बहुतेक चितवनचे. सर्व मिळून आज जगात चार हजारांहून थोडे अधिक भारतीय गेंडे आहेत. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘संकटग्रस्त’ गटातून काढून ‘असुरक्षित’ या तुलनेने कमी गंभीर गटात ठेवले.

वनरक्षकांचे कष्ट या आकड्यांमागे आहेत. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या छावण्यांत राहून ते रात्रंदिवस गस्त घालतात. शिंगाला औषधी गुण असल्याची समजूत व्हिएतनाम, चीनसारख्या देशांत टिकून असल्याने शिकारीचा धोका कायम आहे. २२ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक गेंडा दिनी, आसाम सरकारने सरकारी कोषागारांत साठलेली २,४७९ शिंगे बोकाखात येथे जाहीरपणे जाळून टाकली. या वस्तूला किंमत नाही, हे सांगण्याचा तो मार्ग होता. २०२२ मध्ये आसामात शिकारीत एकही गेंडा मारला गेला नाही. १९७७ नंतर असे वर्ष पहिल्यांदाच उगवले.

गेंडे वाढले, जागा वाढली नाही

यश मोठे आहे, पण त्याच्या पोटात एक धोका आहे. जगातील दर तीन भारतीय गेंड्यांपैकी जवळपास दोन एकट्या काझीरंग्यात आहेत. पोबितोरा अभयारण्याच्या सुमारे ३९ चौरस किलोमीटर क्षेत्रात २०२२ मध्ये १०७ गेंडे होते. एखादी साथ, मोठा पूर किंवा अशांततेचा काळ आला तर सगळी पुंजी एकाच ठिकाणी अडकलेली असेल. ही भीती काल्पनिक नाही. मानसमध्ये १९९० च्या आसपासच्या अशांततेत गेंडे पूर्णपणे संपले होते. २००८ पासून पोबितोरा व काझीरंग्यातून गेंडे नेऊन तेथे ते पुन्हा वसवावे लागले. उत्तर प्रदेशातील दुधवात १९८४ पासून असाच प्रयोग झाला आणि तेथे आज गेंडे नांदत आहेत. उलट १९८३ मध्ये नेपाळने पाकिस्तानातील लाल सुहान्रा उद्यानाला दिलेल्या जोडीचा वंश वाढला नाही. प्राणी नेऊन सोडणे आणि तो तेथे रुजणे यांत पुष्कळ अंतर आहे. योग्य गवत, पाणी, पुरेशी संख्या आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांची साथ नसेल तर ते अंतर कापता येत नाही.

काझीरंग्याचा खरा प्रश्न पुराच्या वेळी समोर येतो. ब्रह्मपुत्रेचा पूर तेथील गवताचा प्राण आहे. पूर नसेल तर पाणथळ जागा भरून जातील आणि गवताच्या जागी झाडी माजेल. मात्र पाणी चढले की प्राण्यांना दक्षिणेकडील कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांवर जावे लागते आणि वाटेत राष्ट्रीय महामार्ग, वस्त्या, खाणी, बागायती येतात. पूर्वी मोकळ्या असलेल्या वाटा अरुंद होत गेल्या आहेत. प्राण्यांसाठी उद्यानात उंचवटे बांधले गेले आहेत, महामार्गावर पुराच्या दिवसांत वाहनांचा वेग मर्यादित केला जातो आणि उन्नत मार्गाच्या प्रकल्पाला केंद्राने मंजुरी दिली आहे. पण उंचवटा हा तात्पुरता आसरा आहे. टेकडीपर्यंत जाणारी मोकळी वाट हा कायमचा उपाय आहे.

लिगुरियाच्या समुद्रात बुडालेल्या गेंड्याला पोहता येत होते, पाय मोकळे नव्हते. काझीरंग्यातल्या गेंड्यालाही पोहता येते, पुढे जायला वाट हवी. संरक्षणाचा अर्थ कुंपण घालून संख्या वाढवणे एवढाच घेतला, तर हळूहळू रानही जहाजासारखे होते, सर्व बाजूंनी वेढलेले आणि संकटाच्या वेळी सुटायला जागा नसलेले.

गोव्यासाठी या इतिहासात शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे. गोव्यात गेंडे आणून सोडण्याची गोष्ट कोणी करणार नाही आणि करूही नये. पण गेंड्याचा नाश जंगलतोडीपेक्षाही गवताळ आणि पाणथळ जमिनीला ‘रिकामी’ समजण्यातून झाला. आपल्याकडचे सडे, खाजन जमिनी आणि नदीकाठची कुरणे यांच्याकडेही आपण पुष्कळदा त्याच नजरेने पाहतो. पावसाळ्यात सड्यावर उगवणारी इवली फुले, कातळातल्या डबक्यांतले बेडूक, खाजनातले पाणपक्षी यांची नोंद ठेवणारे थोडे आहेत. नोंद नसलेला जीव गेला तर तो गेल्याचेही कळत नाही. पश्चिम भारतातल्या गेंड्याच्या बाबतीत हेच घडले. आसामातला गेंडा वाचला, कारण तो उरला आहे तोवरच लोकांनी त्याला मोजले आणि त्याची जमीन राखली.